दर सोमवारचं धुकं

सोमवारी साडेअकराच्या सुमारास मी गच्चीवर कोमट पाण्याच्या बादलीत पाय बुडवून बसले होते. आठवड्याचे सहा दिवस दुसऱ्यांच्या चादरी धुणाऱ्या बाईला सातव्या दिवशी स्वतःचे पाय धुवायचा हक्क असावा, असं माझं मत होतं आणि अजूनही आहे. ऊन छान पसरलं होतं, वाळत घालायच्या दोऱ्या रिकाम्या होत्या, खाली लॉन्ड्रीतला बॉयलर गप्प होता... आणि नेमका तेव्हाच जिन्यातून एक अनोळखी माणूस वर आला.

गळ्यात दुर्बीण. बुटांना घोट्यापर्यंत चिखल. अंगात दुसऱ्याच कुणासाठी शिवल्यासारखा लोकरीचा कोट. आणि चेहरा असा, जणू आमच्या गच्चीवर त्याचं काहीतरी हरवलंय.

आधी त्याने मला पाहिलंच नाही. गच्ची पाहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग वाकून फरशीला हात लावला, बोटं निरखली, आणि म्हणाला,

"ही पांढरी नाहीये."

"नाही," मी म्हणाले. "लाल आहे. माझ्या जन्माच्या आधीपासून लाल आहे."

"पण पांढरी असते. मी रोज बघतो."

एकोणतीस वर्षांच्या आयुष्यात 'मी रोज बघतो' म्हणणारा पहिला पुरुष मला भेटला, आणि तो फरशीबद्दल बोलत होता. माझं नशीब एकूण असंच आहे.

तो डोंगरावरच्या वेधशाळेतला नवा निरीक्षक निघाला. नवा म्हणजे पाच महिन्यांचा. आमच्या गावाच्या डोक्यावर तो डोंगर आणि डोंगराच्या डोक्यावर ती वेधशाळा, हे मी जन्मापासून पाहत आले. पण तिथली माणसं दिवसभर काय करतात, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ढग मोजत असतील, एवढंच. तर ते खरंच ढग मोजत होते.

पायरीवर बसून त्याने सगळं समजावून सांगितलं. वारा मोजायला वर फिरत्या वाट्या आहेत, पाऊस मोजायला नळकांडं आहे, पण दरीतली हवा किती स्वच्छ आहे हे मोजायला यंत्र नाही. ते डोळ्यांनी मोजायचं. सकाळी बरोबर दहाला सज्जात उभं राहायचं आणि ठरलेल्या खुणा दिसतात का ते बघायचं. दरीच्या बाजूला अशा तीन खुणा, नोंदवहीच्या पहिल्या पानावर कुणीतरी कधीकाळी लिहून ठेवलेल्या: पुलाची कमान, दोन किलोमीटर. पाण्याची टाकी, चार. पांढरी गच्ची, सात. त्यापुढे समोरचा डोंगर आडवा येतो, म्हणून गच्ची ही शेवटची खूण. ती दिसली तर दरी स्वच्छ. नाही दिसली तर दरीत धुकं आहे असं लिहायचं.

"आणि सोमवारी ती दिसत नाही," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. मग रिकाम्या दोऱ्यांकडे पाहिलं. गावातल्या चार हॉटेलांच्या आणि एका हॉस्पिटलच्या मिळून अडीचशे चादरी रोज सकाळी नऊपर्यंत तिथे लागतात. रोज. सोमवार सोडून.

"अहो," मी म्हणाले, "त्या चादरी असतात. सोमवारी आम्हाला सुट्टी असते."

तो त्या दोऱ्यांकडे बघत राहिला. बराच वेळ. मग त्याने कोटाच्या खिशातून एक घडी घातलेलं पत्र काढून माझ्या हातात दिलं. मुख्य कचेरीचं पत्र. आपल्या केंद्रावर दरीतलं धुकं दर सोमवारीच का पडतं, याचा खुलासा करावा, असं त्यात लिहिलं होतं.

मला हसू आवरेना. बादली हिंदकळली, माझा परकर भिजला, तरी आवरेना. त्याने सांगितलं की काही सोमवारी हवा इतकी लख्ख असायची की त्याला स्वतःलाच शंका यायची, पण नियम म्हणजे नियम, खूण दिसली नाही तर नाही. आणि नोंदीच्या वेळी दुर्बीण लावायची नसते. त्याच्या आधी चोवीस वर्षं वर असलेले काका आमच्याकडेच शर्ट द्यायचे, त्यामुळे आमचा सोमवार त्यांना पाठ होता. त्या दिवशी ते आपले आमच्या शेजारच्या शाळेची भिंत बघून घ्यायचे. फक्त तेवढं लिहून ठेवायचं राहून गेलं आणि ते निवृत्त झाले.

त्याने खिशातली छोटी वही काढून तिच्यात काहीतरी लिहिलं. आणि मग हसला. वीज दिसल्यावर गडगडाट ऐकू यायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढ्या वेळाने. पण हसला ते पोट धरून.

तेवढ्यात माझी मावशी वर आली. आई गेल्यापासून लॉन्ड्रीत आम्ही दोघीच मालकिणी: धुणं माझं, इस्त्री मावशीची, आणि बोलणं बहुतेक सगळं मावशीचं. तिने माझे बादलीतले पाय पाहिले, पायरीवर बसलेला परका माणूस पाहिला, आणि चौकशीच्या सुरात म्हणाली, आता सुट्टीच्या दिवशीही गिऱ्हाईक घ्यायला लागलीस का.

तो उठला, खाली जाताना जिन्यात थांबला आणि म्हणाला की सुट्टीचा वार कधी बदलला तर कृपा करून कळवा. वेधशाळेचा फोन नंबर त्याने कागदावर लिहून दिला. सरकारी अक्षर होतं, प्रत्येक आकडा वेगळा, सुटसुटीत.

*

वार काही बदलला नव्हता. तरी मंगळवारी दहा वाजून पाच मिनिटांनी मी फोन केला.

"आज चादरी आहेत," मी म्हणाले.

"दिसल्या. दृश्यता सात." मग जरा थांबून, "तिसऱ्या रांगेत मध्येच एक जागा सुटलीये."

"सात किलोमीटरवरून एवढं दिसतं?"

"नोंद झाल्यावर दुर्बीण लावायला बंदी नाही."

मी गच्चीवर गेले. तिसऱ्या रांगेतली एक चादर वाऱ्याने घसरून खाली पडली होती. मी ती उचलली, पुन्हा वाळत घातली, चिमटे लावले, आणि उगीचच केस सारखे केले. सात किलोमीटरवरच्या माणसासाठी केस सारखे करणारी मी काही पहिलीच नसेन, पण तेव्हा मला तसं वाटलं खरं.

मग रोजच दहानंतर फोन व्हायचा. कधी माझा, कधी त्याचा. आधी मी त्याला विचारायची, आज पाऊस पडेल का? लॉन्ड्रीवालीला जगातली दुसरी कुठलीच बातमी लागत नाही. पण तो सांगायचा नाही. म्हणायचा, मी निरीक्षक आहे, अंदाज सांगणारी माणसं वेगळी. मी फक्त आहे ते लिहितो. आत्ता पाऊस आहे का? नाही. ढग? आठातले तीन भाग. मला त्याचा राग यायचा. आमच्या धंद्यात पाऊस येईल असं सांगणारे शंभर भेटतात, आणि हा एक, ज्याच्या पुढ्यात सगळं आकाश पडलंय, तो तोंडातून अक्षर काढत नव्हता.

शेवटी त्यानेच एक तोड काढली. वर लाकडी पेटीत दोन तापमापक असतात, एक साधा आणि एक ओल्या कापडात गुंडाळलेला. हवा कोरडी असली की ओल्या कापडातलं पाणी भराभर उडतं आणि तो तापमापक थंड पडतो. दोघांत जितका फरक जास्त, तितकी हवा तहानलेली. म्हणजे तितक्या लवकर चादरी वाळणार.

"आज फरक सहाचा आहे," तो सांगायचा, आणि मला कळायचं, दोन तासांत माल उतरवता येईल. फरक एकाचा असला की मी सरळ बॉयलरच्या खोलीत दोऱ्या बांधायची. इतकी वर्षं मी कपडे वाळवत होते आणि तो हवा मोजत होता. दोघांचं काम एकच आहे, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मावशी इस्त्री फिरवता फिरवता ऐकत असायची. एकदा म्हणाली की माझ्या वेळी मुलं चिठ्ठ्या पाठवायची, आता आकडे पाठवतात, चला, निदान वाचायला सोपे.

*

एका बुधवारी तो फोनवर कुरकुरत होता. त्या ओल्या तापमापकाला गुंडाळायचं मलमल कचेरीतून आलं होतं, पण त्याची खळ निघत नव्हती. खळ राहिली की कापड पाणी नीट शोषत नाही आणि आकडा चुकतो. त्याने तीनदा धुतलं, उकळलं, तरी कडकच.

आता खळ काढायची आणि खळ घालायची, या दोन गोष्टींत माझा हात धरणारं आमच्या भागात कोणी नाही. मी त्याला म्हटलं, कापड खाली पाठवा. ते सामानाच्या जीपमधून आलं. मी रात्रभर भिजत टाकलं, सकाळी उकळलं, साबणाचा थेंब न लावता बारा वेळा खळबळलं, आणि सावलीत वाळवलं. असं मऊ झालं की मावशीने गालाला लावून बघितलं. मग मी ते जीपमधून परत पाठवणार होते... पण जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारची जागा रिकामी होती.

खरं सांगते, तोवर मी त्या डोंगरावर एकदाही गेले नव्हते. पायथ्याची माणसं डोंगर चढत नाहीत. ते काम लांबून आलेल्यांचं.

वर तीन खोल्या. एकीत दोन खाटा, कारण तिथे माणसं दोन: सकाळ याची, दुपार-संध्याकाळ दुसऱ्याची. तो दुसरा जोडीदार पन्नाशीचा, शांत, मला बघून फक्त चहाचं आधण वाढवणारा. दुसऱ्या खोलीत नोंदवह्यांची कपाटं, साठ वर्षांची, पाठीवर सालं लिहिलेली. तिसऱ्या खोलीत ढग. म्हणजे खिडकी उघडी राहिली होती आणि एक ढग आत येऊन टेबलाखालून हळूहळू सरकत होता. आमच्याकडे मांजर येतं तसा. जोडीदाराने उठून खिडकी लावली आणि ढगाचा मागचा भाग बाहेरच राहिला.

त्याने मला सगळं दाखवलं. गच्चीवर काचेचा भरीव गोळा, त्याच्यामागे निळ्या पुठ्ठ्याची पट्टी. ऊन असेल तोवर गोळा ती पट्टी जाळत जातो, ढग आला की जळायचं थांबतं. संध्याकाळी पट्टी काढली की दिवसभराचं ऊन करड्या रेघेत हातात येतं. मी म्हटलं, म्हणजे तुम्ही ऊनही घडी करून ठेवता. तो म्हणाला, कपाटात आहे, साठ वर्षांचं.

मग पेटी. पांढरी, चार पायांवर उभी, भिंतींना फटीफटींच्या पट्ट्या. दार उघडून त्याने जुनं कापड काढलं, आणि मी माझं मलमल त्या नाजूक काचेच्या टोकाला गुंडाळलं. त्याची बोटं दोरा धरून होती, माझी गाठ मारत होती. गाठ एकाच दोऱ्याची होती, चार हातांची गरज नव्हती. पण कोणी तसं म्हणालं नाही.

"आता श्वास रोखा," तो हळूच म्हणाला.

"का?"

"श्वासाने पारा चढतो."

आम्ही दोघं त्या छोट्या दारापुढे श्वास रोखून उभे राहिलो, खांद्याला खांदा... मध्ये कोटाची लोकर. पारा हळूहळू उतरत होता. माझे कान गरम झाले होते आणि मला वाटत होतं, आता श्वास नाही घेतला तरी हा आकडा चुकणार. त्याने नोंद घेतली, दार लावलं, आणि मग दोघांनी एकदमच श्वास सोडला.

"किती?" मी विचारलं.

"लिहिलंय," तो म्हणाला, आणि वही मिटली.

पुढे कधीतरी मी ती वही पाहिली. त्या दिवशीच्या आकड्याला त्याने कंस करून पुढे लिहिलं होतं: 'शंकास्पद, पुन्हा घेतला.'

*

महिनाभराने मुख्य कचेरीचं दुसरं पत्र आलं. त्याने पहिल्या पत्राला चादरींचा खुलासा पाठवला होता. तो कचेरीत कुणाला पटला नव्हता, किंवा पटला आणि सगळे हसून हसून थकले, नक्की कळलं नाही. एकोणीस सोमवार. निरीक्षक खोलीत बसून मनानेच नोंदी लिहितो की काय, अशी शंका त्यांनी घेतली होती. एक साहेब चौकशीला येणार होते. नोंदी चुकीच्या ठरल्या तर नियमाप्रमाणे त्याला इथून हलवणार, समुद्रकाठच्या केंद्रावर, मोठ्या निरीक्षकाच्या हाताखाली.

हे त्याने मला फोनवर सांगितलं, आणि 'आज फरक चारचा' हेही त्याच सुरात सांगितलं.

मी दोन रात्री झोपले नाही आणि तिसऱ्या दिवशी जीपमधून वर गेले. माझ्याकडे उपाय होता, अगदी साधा. मी साहेबांना सांगणार होते की आमची लॉन्ड्री सोमवारीही चालू असते. म्हणजे चादरी होत्या. म्हणजे तरीही गच्ची दिसली नाही, तर दरीत खरंच धुकं होतं. नोंदी बरोबर, माणूस बरोबर, फाईल बंद. लॉन्ड्रीवालीला खोटं बोलायचं काय कारण, असं कुणालाही वाटेल. मावशीलाही मी पढवून ठेवलं होतं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग नोंदवह्यांच्या कपाटाकडे बघत राहिला.

"पन्नास वर्षांनी कोणीतरी हे पान उघडेल," तो म्हणाला. "इथलं हवामान कसं होतं ते बघायला. त्याला एकोणीस खोटी धुकी सापडतील. विचारायला तेव्हा मी नसेन."

"आणि पन्नास वर्षांनंतरच्या त्या माणसासाठी तुम्ही आत्ता इथून जाणार?"

"मी जातोय असं नाही. पण खोटं..."

"तू जातोयस," मी म्हणाले. आजवर मी त्याला तू म्हटलं नव्हतं. "एक वाक्य. मी बोलायचंय, तुला तोंडसुद्धा उघडायचं नाहीये. इथे राहणं तेवढ्याही मोलाचं वाटत नाही तुला."

त्याने उत्तर दिलं नाही. मला उत्तर हवं होतं. जोडीदार चहाचे कप घेऊन दारापर्यंत आला आणि तसाच मागे फिरला. जीप निघायला अजून तासभर होता. मी तो तास बाहेर दगडावर बसून काढला, आणि तो सज्जात उभा राहिला. आमच्या दोघांच्या मध्ये दोन ढग येऊन गेले.

त्यानंतर आठ दिवस फोन नाही. मी चादरी अंदाजाने वाळवल्या आणि दोनदा भिजवल्या.

*

साहेब आले ते बुधवारी. आधी वर जाऊन आले, मग आमच्याकडे. साठीच्या आसपासचे, थकलेले, भले गृहस्थ होते. मावशीने त्यांना खुर्ची दिली आणि इस्त्री थंड व्हायला ठेवून दिली, म्हणजे एकही शब्द सुटायला नको.

साहेबांनी फाईल मांडीवर ठेवली आणि अवघडल्यासारखे हसले. म्हणाले, तुमचा तो निरीक्षक... हो, 'तुमचा' असंच म्हणाले... फार प्रामाणिक माणूस आहे. इतका की स्वतःच्याच नोंदींवर शंका घेतो. काही माणसांना ती खोड असते. मी त्याच्या इतर सगळ्या नोंदी तपासल्या, एकही चूक नाही. अशा माणसाला हलवायला माझं मन घेत नाही. आता जर असं असेल, की सोमवारीही तुमच्याकडे चादरी वाळत असतात, तर मग त्या धुक्याच्या नोंदी खऱ्या, आणि हा खुलासा म्हणजे त्याचा गैरसमज. मग मला काही करावं लागणार नाही.

एवढं बोलून ते थांबले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागितलं नव्हतं, तरी कुणीतरी ते खोटं घडी घालून, इस्त्री करून माझ्या हातात ठेवलं होतं. मला नुसती मान हलवायची होती. मावशीने तर हलवायला सुरुवातही केली होती.

मी मान हलवणारच होते. आता कुणाला खरं वाटणार नाही, पण शब्द अगदी जिभेवर होता. आणि मला ते कपाट आठवलं, साठ वर्षांचं ऊन भरलेलं. तो रोज सकाळी, पाऊस पडो की वारा सुटो, दहाच्या ठोक्याला सज्जात जाऊन उभा राहतो आणि जे दिसतं तेवढंच लिहितो. मला आवडला होता तो हाच माणूस. मी वाचवून इथे ठेवून घेतला असता तो दुसराच कोणीतरी झाला असता, आणि त्याला ते रोज, दहानंतर, आठवलं असतं.

"सोमवारी बंद असतं, साहेब," मी म्हणाले. "आईच्या वेळेपासून. एकही चादर नसते."

साहेबांनी फाईल मिटली. जाताना दाराशी थांबून मला म्हणाले, मुली, माफ कर. मी म्हटलं, तुम्ही काय केलंत त्यात. ते गेल्यावर मावशी बराच वेळ काही बोलली नाही. आमच्या घरात ही घटना नोंद करून ठेवण्यासारखी होती.

*

तो शनिवारी आला. भर कामाच्या वेळी, सगळ्या रांगा भरलेल्या असताना. मी गच्चीच्या मधोमध होते, दोन्ही बाजूंना ओल्या चादरी, वारा त्यांना फुगवत होता. चादर बाजूला सारून तो आत आला, तर आज बूट पुसलेले होते. लोकरीचा कोट हातावर.

बदलीचा हुकूम आला होता. सोमवारी निघायचं होतं.

"तुम्ही खरं सांगितलंत," तो म्हणाला.

"हो."

"साहेब म्हणाले, तुम्हाला नुसती मान हलवता आली असती."

"साहेब भले आहेत," मी म्हणाले. मग मी एका चादरीची कड सारखी केली. ती सारखीच होती.

मग तो बोलला. एकदम नाही... अडखळत, थांबत. म्हणाला की त्या दिवशी वर मी विचारलं, इथे राहण्याचं मोल वाटत नाही का, त्याचं उत्तर त्याला तेव्हा देता आलं नाही. त्याला वाटतं. इतकं वाटतं, की गेल्या आठ दिवसांत त्याने दहाची नोंद करून झाल्यावर रोज तासभर दुर्बीण लावली. तेवढ्या दुर्बिणीतून माणूस ठिपक्याएवढा दिसतो. तरी चालण्यावरून कळतं, मावशी कोण आणि मी कोण.

"हे मी कुठे लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "पण आहे."

वारा पडला. चादरी दोन्ही बाजूंनी हळूच खाली आल्या, आमच्या अंगाला टेकल्या, आणि थंड साबणाचा वास आला. त्याने माझा हात धरला. पाण्याने सुरकुतलेली बोटं होती माझी, लपवावीशी वाटली. त्याने ती एकेक उलगडून बघितली, आणि पहिल्यांदा मला एकेरीत म्हणाला,

"तू इथून निघू शकणार नाहीस, ते मला माहीत आहे. मी विचारत नाहीये. मीच येणार आहे."

मी त्याच्याकडे पाहिलं. आमच्या दुकानात भिंतीएवढं एक कपाट आहे. 'परवा नेतो', 'लवकरच येतो' असं म्हणून गेलेल्या माणसांचे कपडे त्यात आहेत. कुणाचा लग्नाचा कोट, कुणाचं पांघरूण, एका बाळाची सहा झबली. ते बाळ आता कॉलेजात जातं. लवकर येतो, या शब्दांचं वजन मला कुणी शिकवायला नको.

"कधी?" मी विचारलं.

तो नजर कुठेतरी लांब लावून हिशेब करू लागला, ओठ हलत होते. एक वर्ष तिथे काढल्याशिवाय बदली मिळत नाही. पण अर्ज आधीच, अकरा महिने झाले की देता येतो. अर्जाला कचेरी कधी महिना घेते, कधी तीन. इथली जागा तोवर भरली असेल तर खालच्या गावातल्या केंद्रात मागता येईल, ते कोणी मागत नाही.

"बारा महिने," तो म्हणाला. "फार तर चौदा." मग मान हलवली, स्वतःशीच नापसंतीने. "नाही. चौदा धर."

मी हो म्हणाले. थांबशील ना, हे त्याने शब्दांत विचारलं नव्हतं, पण दोघांनाही ठाऊक होतं. तो उरलेला वेळ मला चादरी उतरवायला मदत करत राहिला. चार टोकं, चार हात. या वेळी खरंच लागत होते. घडी घालताना दोघं एकमेकांकडे चालत यायचो, टोकं हातात द्यायचो, पुन्हा मागे जायचो. अडीचशे वेळा. घडी घालायला मला कधी एवढा वेळ लागला नव्हता, आणि मावशीने खालून एकदाही हाक मारली नाही.

तो गेल्यावर मात्र ती वर आली. कमरेवर हात ठेवून रस्त्याकडे बघत उभी राहिली, तो कोट वळणावर दिसेनासा होईपर्यंत.

"येणार म्हणाला?"

"चौदा महिन्यांनी."

"अगं, जाताना सगळे येतोच म्हणतात." तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता, माझ्यासाठी घाबरली होती ती.

"सगळे 'लवकर' म्हणतात, मावशी," मी म्हणाले आणि घड्यांचा गठ्ठा उचलला. "हा चौदा म्हणाला."